लांबी मोजायचं स्वतःचं एकक कसं बनवायचं, आणि ते चालतं का हे कसं तपासायचं

समजा तुमच्याकडे टेप नाही, पट्टी नाही, आणि ज्याला माप कळवायचंय तो माणूस शंभर किलोमीटर लांब आहे. फोनवर बोलता येतं, मेसेज पाठवता येतो, पण वस्तू पाठवता येत नाही. अशा वेळी "एवढं लांब" हे त्याला कसं सांगाल? हात पसरून दाखवलेलं मेसेजमध्ये जात नाही. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तरी तुमचे हात कॅमेऱ्यापासून किती लांब आहेत, यावर माप लहानमोठं दिसतं.

लांबीचं एकक बनवण्याचा मूळ प्रश्न हाच आहे. एकक ठरवणं अगदी सोपं असतं. चपलेची लांबी घ्या, झालं एकक. अवघड भाग पुढे येतो: दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या गावात, तुमच्या मदतीशिवाय तीच लांबी पुन्हा मिळवता येते का? आणि मिळाली, तर ती किती चुकलेली असू शकते? या दोन प्रश्नांची उत्तरं देता आली की ते माप. नाहीतर ती नुसती चप्पल.

या लेखात आपण एक एकक बनवू, त्याचे भाग पाडू आणि ते फोनच्या मदतीनं तपासू. लागणारं सामान म्हणजे दोरा, एक जड नट, कागद, सरळ काठी, एटीएम कार्ड आणि स्टॉपवॉच असलेला कोणताही फोन.

हात कुणाचा?

मी हे सगळं करायला घेतलं त्याला कारण घडलं. आमच्या मामाच्या गावी, वाडा तालुक्यात, विहिरीकडे जाणारी एक वाट आहे. आजोबांच्या वेळच्या वाटणीच्या कागदावर ती "सहा हात रुंद" अशी लिहिली आहे. मामा म्हणतो सहा हात म्हणजे नऊ फूट. शेजारचे चुलतमामा म्हणतात जेमतेम आठ. फुटाभराचा प्रश्न आहे, पण त्या फुटावर टेम्पो आत येणार की रस्त्यावरच थांबणार हे ठरतं. मामेभावानं मला फोन करून विचारलं, "दादा, तू इंजिनियर ना, मग सांग, हात कुणाचा धरायचा?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. दोन विती म्हणजे हात, बारा अंगुळं म्हणजे वीत. आमच्या घरात पाच जणांचे हात मोजले तर सगळ्यात लहान ४३.५ सेंटिमीटर निघाला आणि सगळ्यात मोठा ४९. सहा हातांना हाच फरक ३३ सेंटिमीटर होतो, म्हणजे एक फुटापेक्षा जास्त. अख्खं भांडण एवढ्यात मावतं.

जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं समजू नका. म्हणूनच त्यांनी हात हा शरीरापासून सोडवून तसूंना बांधला. ब्रिटिश काळातल्या मुंबईच्या कोष्टकात १६ तसूंचा हात आणि २४ तसूंचा गज. तिथला गज २७ इंचांचा होता, म्हणजे तसू सव्वा इंचाहून थोडा लहान आणि हात बरोबर १८ इंच. मामाचे नऊ फूट इथून येतात. पण शिवकाळातल्या जमीनमोजणीच्या काठीचं जे वर्णन मिळतं त्यात काठी पाच हात पाच मुठींची, आणि हात चौदा तसूंचा. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. तसू दोन्हीकडे सारखाच धरला तर चौदा तसूंचा हात पावणेसोळा इंचांचा होतो, आणि सहा हात म्हणजे सात फूट साडेदहा इंच. चुलतमामांचे आठ फूट जवळपास तिथेच पडतात.

गजाची तर आणखी गंमत. मुंबईचा २७ इंच, मद्रासचा ३३, बंगालचा ३६. नाव एकच. सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल: फंक्शनचं नाव तेच, प्रत्येक सर्व्हरवर व्हर्जन वेगळं.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या. एककाची व्याख्या माणसाच्या शरीरावर, एका घरातल्या वस्तूवर किंवा "आमच्याकडे जसं चालतं तसं" यावर टेकवू नका. ती अशा गोष्टीवर टेकवा जी दोन्ही गावांत आहे.

दोरा, नट आणि एक सेकंद

दोन्ही गावांत असणारी गोष्ट कोणती? पृथ्वीचं ओढणं आणि फोनमधलं घड्याळ. फोनचं घड्याळ नेटवर्कवरून जुळवलं जातं, त्यामुळे सेकंद सगळीकडे सारखाच. आणि दोऱ्याला टांगलेलं वजन झुलायला किती वेळ घेतं हे मुख्यतः दोऱ्याच्या लांबीवर ठरतं, वजन किती आहे यावर नाही. मग उलटं करायचं: वेळ ठरवायची आणि लांबी शोधायची.

आमच्या एककाचं नाव ठेवलं "वरसा". मी वरसावे नाक्याजवळ राहतो, म्हणून. व्याख्या अशी: जो दोरा बरोबर दोन सेकंदांत एक जाऊन-येऊन झोका पूर्ण करतो, त्याची टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंतची लांबी म्हणजे एक वरसा.

कृती:

साधारण सव्वा मीटर दोरा घ्या. शिवणकामाचा सुती दोरा दुहेरी करून चालतो. नायलॉनचा नको, तो ताणतो. टोकाला ट्रकचा असतो तसला मोठा नट बांधा. कुलूपही चालतं, पण कुलपाचा वजनाचा मध्य नेमका कुठे हे सांगणं कठीण, नटाचा मध्य दिसतो. दोऱ्याचं वरचं टोक दाराच्या चौकटीला खिळ्यात पक्कं अडकवा. नुसतं गुंडाळलं तर झुलताना दोरा खिळ्यावर घसरतो आणि लांबी बदलत राहते. पंखा बंद, खिडकी बंद. आमच्याकडे खिडकी उघडी असली की खाडीवरचा वारा येतो आणि हायवेच्या कंटेनरांनी चौकटही हलते, म्हणून मी रात्री दोननंतर केलं. तुमच्याकडे शांतता असेल तर एवढं जागायची गरज नाही.

आता नट हळूच सोडा आणि १०० झोके मोजा. बरोबर २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद लागायला हवेत. जास्त लागले तर दोरा लांब आहे, कमी लागले तर तोकडा. १ सेकंद जास्त लागला तर दोरा शंभरातला एक भाग कमी करायचा, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढा. असं चार-पाच वेळा केलं की २०० वर येता.

शंभर झोके कशाला, दहा का नाही? कारण स्टॉपवॉच दाबताना आपलं बोट मागेपुढे होतंच, धरा ०.२ सेकंद. १० झोक्यांच्या २० सेकंदांत ०.२ म्हणजे शेकडा एक. आणि लांबी वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे लांबीत ती चूक दुप्पट होते, शेकडा दोन, म्हणजे जवळपास दोन सेंटिमीटर. १०० झोक्यांत तीच ०.२ सेकंदांची चूक २०० सेकंदांत वाटली जाते आणि लांबीत फक्त २ मिलिमीटर उरते. बोट तेच, फोन तोच, पण अचूकता दहापट. अख्ख्या लेखातली एकच युक्ती लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

मोजताना "शून्य" म्हणून घड्याळ सुरू करा, "एक" म्हणून नाही. नट मधून जाताना मोजा, टोकाला असताना नाही. टोकाला तो रेंगाळतो, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही.

आणि झोका लहान ठेवा. वेळ फक्त दोऱ्याच्या लांबीवर ठरतो हे लहान झोक्यापुरतंच खरं आहे. नट मध्यापासून दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर जात असेल तर लांबीत सव्वा मिलिमीटरची चूक येते, ती सोडून देऊ. पण ३० सेंटिमीटर जात असेल तर चूक एक सेंटिमीटरच्या वर जाते. सोपा नियम असा की दोन्ही टोकांमधलं सगळं अंतर एका वितीच्या आत हवं. (हो, इथे वीत चालते. इथे फक्त "फार मोठा नको" एवढंच सांगायचंय.)

हाच विचार फ्रान्समध्ये दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी झाला होता. १७९० मध्ये तालेराँनं सेकंदाच्या लंबकावरून लांबीचं एकक ठरवावं असा प्रस्ताव मांडला होता. १७९१ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीनं तो सोडून पृथ्वीचं माप निवडलं: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. लंबकाची एक अडचण आधीच माहीत होती. १६७२ मध्ये ज्याँ रिशे पॅरिसहून लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तर तिथे ते रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं ओढणं थोडं कमी असतं. त्यामुळे आपला वरसा आपल्या भागात ९९१.५ मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि हीच व्याख्या वापरून पॅरिसमध्ये बनवला तर जवळपास ९९४. फरक अडीच मिलिमीटरच्या आत. वाडा आणि वरसावे यांच्यात हा फरक दिसण्याइतकाही नाही, म्हणून आमचं काम भागलं. पण कॅनडातल्या आत्याला वरसा पाठवायचा असेल तर व्याख्येत "कुठे" हेही लिहावं लागेल.

मीटरवाल्यांचंही सगळं सुरळीत झालं नाही बरं का. डलांब्र आणि मेशँ यांनी १७९२ ते १७९८ डंकर्क ते बार्सिलोना मोजलं, आणि तरी मीटर ठरवलेल्यापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर तोकडा राहिला. शेवटी १९८३ मध्ये मीटरही वेळेवरच येऊन टेकला: प्रकाश निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं जातो ते अंतर.

सोळा आणे

काठी मिळाली, आता भाग पाडायचे. इथे बरेच जण लगेच दहा भागांकडे जातात. हातानं करायचं असेल तर सोळा घ्या. वरशाएवढी कागदाची पट्टी कापा (वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या चिकटवून होते) आणि चार वेळा अर्ध्यात दुमडा. सोळा भाग, आणि एकही आकडेमोड नाही. आम्ही त्यांना आणे म्हणतो. १ वरसा = १६ आणे, एक आणा सुमारे ६२ मिलिमीटर. आणखी दोनदा दुमडलं की आण्याचे चार पैसे, दर पैसा साडेपंधरा मिलिमीटर.

आपल्याकडे सोळाचं चलन फक्त नाण्यात नव्हतं. हातात १६ तसू होते हे वर आलंच. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात जमीन मोजायची साखळी ३३ फुटांची असायची आणि तिचेही १६ आणे पाडलेले असायचे. ३३ हा आकडा विचित्र वाटतो ना? ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. आणि ४० गुंठे म्हणजे बरोबर ४३,५६० चौरस फूट, म्हणजे एक एकर, एक फूटसुद्धा इकडेतिकडे नाही. साखळीची लांबी अशी निवडली आहे की क्षेत्रफळ काढताना अपूर्णांकच येऊ नये. एकक बनवणाऱ्यानं हिशेब करणाऱ्याचा विचार आधी केलेला दिसतो. मला हे फार आवडतं. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर असतात, एक गुंठा म्हणजे १.०१ आर, तरी बोलताना गुंठाच येतो. तसंच नऊवारीतला वार, म्हणजे यार्ड. दुकानदार मीटरवर कापतो, नाव वाराचंच राहिलं.

तुम्हाला पाच किंवा सातच भाग हवे असतील तर ओळींची वही वापरा. लहान पट्टी वहीवर तिरकी ठेवा, एक टोक एका ओळीवर, दुसरं टोक सातव्या ओळीपुढे. मधल्या ओळी पट्टीला जिथे कापतात तिथे खुणा करा. भाग समान येतातच, कारण वहीच्या ओळी समान अंतरावर असतात.

तपासणी

इथपर्यंत बरेच लोक येतात आणि थांबतात. खरं काम इथून सुरू होतं.

आधी, स्वतःशी जुळतं का? मी पाच वेगवेगळ्या रात्री दोरा सोडून, पुन्हा नव्यानं बांधून वरसा बनवला. दर वेळी काठीवर खूण केली आणि आधीच्या खुणा कागदानं झाकून ठेवल्या. (हे झाकणं महत्त्वाचं. जुनी खूण दिसली की हात आपोआप तिच्याकडे जातो.) शेवटी स्टीलच्या टेपनं पाहिलं: ९९०, ९९६, ९९२, ९८९, ९९५ मिलिमीटर. सरासरी ९९२.४, आणि सगळ्यात लहान-मोठ्यात ७ मिलिमीटरचं अंतर. म्हणजे माझा एक वरसा चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे असू शकतो, पण पाचांची सरासरी बरीच बरी आहे.

मग दुसऱ्याशी जुळतं का? मामेभावाला मी फक्त व्याख्या आणि कृती मेसेजनं पाठवली. फोटो नाही, सेंटिमीटर नाही. तो रविवारी काठी घेऊन आला. दोन्ही काठ्या शेजारी ठेवल्या तर त्याची जवळजवळ पाऊण पैशानं तोकडी, म्हणजे ११ मिलिमीटर. योगायोग म्हणावा इतका हा फरक लहान नव्हता, माझे सगळे पाच प्रयत्न त्याच्या काठीपेक्षा लांब होते. त्यानं काढलेला व्हिडिओ पाहिल्यावर कारण कळलं. पोरगं नट हातभर लांब ओढून सोडत होतं. मोठ्या झोक्याला वेळ जास्त लागतो, मग २०० सेकंद जुळवायला त्यानं दोरा कमी केला. "वितीच्या आत" ही ओळ घालून पुन्हा करायला सांगितलं तेव्हा त्याची काठी ९९० आली. वरची झोक्याची अट कृतीत या तपासणीतून आली आहे.

इथे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखायला शिका. बोटाची चूक कधी पुढे, कधी मागे. जास्त वेळा मोजलं की ती विरघळते. मोठ्या झोक्याची चूक नेहमी एकाच बाजूला. हजार वेळा मोजलं तरी ती तिथेच बसलेली असते. सरासरी पहिल्या चुकीवर औषध आहे, दुसरीवर नाही. दुसरी फक्त वेगळ्या माणसानं किंवा वेगळ्या पद्धतीनं केल्यावर सापडते.

वेगळी पद्धत तुमच्या खिशात आहे. एटीएम कार्ड जगभर ८५.६० मिलिमीटर लांब आणि ५३.९८ रुंद असतं. त्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेलं आहे, पॅन कार्डही त्याच मापाचं. आपल्या हिशेबानं एक वरसा ११.५८ कार्डांचा यायला हवा: अकरा कार्डं आणि वर अर्ध्याहून थोडं जास्त. एकच कार्ड सरकवत मोजलंत तर दर खुणेला अर्धा मिलिमीटर चूक धरा. ती मागेपुढे होत असेल तर अकरा वेळांत मिळून दीड-पावणेदोन मिलिमीटर. पण पेन्सिल जाड असेल आणि दर वेळी खुणेच्या पलीकडेच कार्ड ठेवत असाल तर अकरा गुणिले अर्धा, साडेपाच मिलिमीटर. पुन्हा त्याच दोन चुका.

बेरीज जुळते का हेही बघा. आमच्या सोसायटीच्या गेटपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर आधी एका वरशाची काठी टाकत मोजलं: ८४ वरसे ५ आणे. मग दहा वरशांची दोरी बनवून मोजलं: ८३ वरसे १४ आणे. सात आण्यांचा फरक! काठी टाकताना आपण नकळत वाकडे जातो, त्यामुळे जास्त भरतं. दोरी ओढताना ताणते, त्यामुळे कमी भरतं. खरं अंतर मधे कुठेतरी. दोरीची ही तक्रार नवी नाही. अकबराच्या काळात तोडरमलच्या जमीनमोजणीत दोरी सोडून लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबूचे तुकडे आणले गेले, कारण ओली झाली की दोरी आखडते. शेतसारा त्या मापावर ठरत होता, म्हणजे दोरी ओली असण्याचीही किंमत कोणीतरी भरत होतं. जुलैत प्रयोग करणार असाल तर दोरा आधी एक दिवस घरात सुकवा.

मोठं अंतर मोजायची हौस असेल तर वरसावे पुलावर काठी घेऊन जाऊ नका, तिथे ट्रक तुम्हाला बघत नाहीत. ती हौस बॉस्टनच्या पोरांनी फेडून घेतली आहे. १९५८ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी ऑलिव्हर स्मूट नावाच्या सोबत्याला हार्वर्ड पुलावर आडवा टाकत टाकत पूल मोजला: ३६४.४ स्मूट, अधिक-उणे एक कान. खुणा आजही रंगवल्या जातात. थट्टाच होती, पण "अधिक-उणे" लिहायला ते विसरले नाहीत. हाच स्मूट पुढे आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेचा अध्यक्ष झाला.

फोनचं काय?

आता तुमच्याकडे स्वतःचं तपासलेलं माप आहे, तर फोनची परीक्षा घेता येते. कॅमेऱ्यातून मोजणारी अ‍ॅप्स दोन गोष्टी जोडतात. कॅमेरा भिंतीवरचे ठळक ठिपके ओळखून ते कसे सरकतात हे बघतो. पण नुसत्या चित्रावरून बाहुलीचं घर आणि खरं घर यात फरक कळत नाही. तो फरक फोनमधला हालचालीचा सेन्सर सांगतो: फोन खरोखर किती हलला. म्हणून मोजण्याआधी अ‍ॅप तुम्हाला फोन फिरवायला सांगतं. पांढरी कोरी भिंत, चकचकीत टाइल किंवा कमी उजेड असेल तर ठिपके मिळत नाहीत आणि माप घसरतं. लायडार असलेले फोन प्रकाश परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात, त्यांचं जरा बरं असतं.

परीक्षा अशी घ्या: वरशाची काठी जमिनीवर ठेवा, अ‍ॅपनं दहा वेळा मोजा, दर वेळी अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. दहा आकडे किती पसरलेत ते बघा आणि सरासरी काठीपासून किती लांब आहे ते वेगळं बघा. मग तेच फरशीऐवजी सतरंजीवर करा. माझ्या फोनवर चकचकीत फरशीवर आकडे चार सेंटिमीटरपर्यंत पसरले, सतरंजीवर दीडच्या आत आले. सोफा दारातून जाईल का हे बघायला ठीक आहे, काचेचं माप द्यायला नाही.

जीपीएसवर छोटी अंतरं मोजायला जाऊच नका. मोकळ्या आकाशाखाली फोनची जागा साधारण पाच मीटरच्या आत येते, इमारतींच्या मधे त्याहून वाईट. चालण्याची अ‍ॅप्स पावलं मोजून त्यांना पावलाच्या लांबीनं गुणतात, आणि ती लांबी बऱ्याचदा तुमच्या उंचीवरून काढलेला अंदाज असतो. दहा वरशांच्या दोरीनं शंभर वरसे आखून चालून बघा, तुमचं खरं पाऊल मिळेल.

कायदा आणि ती वाट

स्वतःचं एकक घरात कितीही वापरा, व्यवहारात चालत नाही. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली, आणि आता २००९ चा वैधमापन कायदा आहे. कापडाच्या दुकानातला मीटर बघा, त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. आपण वर जी तपासणी केली तिचंच ते सरकारी रूप: दुकानातला मीटर खात्याच्या मापाशी, ते माप त्याच्या वरच्या मापाशी, असं करत साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते.

मामेभावानं परत जाऊन आपल्या काठीनं वाट मोजली. सर्वांत अरुंद ठिकाणी २ वरसे ७ आणे. म्हणजे २.४२ मीटर, सात फूट अकरा इंच. हा आकडा चौदा तसूंच्या हाताशी जवळजवळ जुळतो, आणि चुलतमामांनी तो लगेच उचलून धरला. पण यातून फक्त आज बांध कुठे आहेत एवढंच कळतं. ते पन्नास-साठ वर्षांत किती सरकले हे काठी सांगत नाही, आणि कागद लिहिणाऱ्याच्या मनात कोणता हात होता हेही नाही. मामानं आता तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दिला आहे. मोजणी झाली की हद्दी दाखवणारा नकाशा मिळतो, त्याला "क" प्रत म्हणतात. तोपर्यंत दोघांच्या संमतीनं वाटेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर तारखेसकट एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या आहेत: २ वरसे ७ आणे, अधिक-उणे अर्धा आणा, आणि खाली मीटरमध्ये. वरशाची व्याख्या त्याच कागदाच्या मागे आहे.